कोचिंगच्या वहीतला जबाब

नांदेडच्या एका लॉ कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय कायदा शिकवते. मुलं हा विषय अगदी शेवटी अभ्यासाला घेतात. इथल्या कोर्टात त्याचा काही उपयोग नाही, हे त्यांना पहिल्याच वर्षी कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यातलं युद्धाच्या कायद्याचं प्रकरण मी दोन तासांत उरकत असे. दवाखाने, डॉक्टर, नर्स, जखमी माणसं यांच्यावर हल्ला करायला बंदी आहे, एवढं फळ्यावर लिहायचं आणि खाली रेघ मारायची. सायबर युद्धावर माझ्या नोट्समध्ये अर्धं पान होतं. पाच मार्कांची टीप आलीच तर असावी म्हणून. इतक्या वर्षांत कॉलेजच्या बाहेर या प्रकरणाबद्दल मला कुणी एक शब्द विचारला नव्हता. पहिल्यांदा विचारलं ते आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी.

मास्तर म्हणजे आमचे शिंपी. त्यांच्या आजोबांपासून घरात शिवणकाम. आजोबा निजामाच्या काळात शेरवान्या शिवायचे, मास्तर ब्लाउज आणि शाळेचे गणवेश शिवतात. बोलणं हळू, नजर कायम कापडावर. एकुलती एक मुलगी. दहावीला शाळेत पहिली आली तेव्हा मास्तरांनी तिला लातूरला कोचिंगला घातलं. दोन वर्षं ती तिथं चार मुलींच्या खोलीत राहिली. दर आठवड्याला टेस्ट, टेस्टचा निकाल भिंतीवर, आणि त्या भिंतीसमोर उभी असलेली, पोट दुखतंय म्हणून सांगणारी मुलं. माझं माहेर लातूरचं. आमच्या लहानपणी जिथं ज्वारीची कोठारं होती तिथं आता क्लासेसचे बोर्ड लागले होते, आणि आमच्याच वाड्यातल्या शेजाऱ्यांनी मुलींसाठी मेस काढली होती. त्यामुळं तिला भेटायला मी दोन-तीनदा गेले होते. डबा घ्यायची, थँक्यू काकू म्हणायची आणि घड्याळाकडं बघायची.

थोड्या मार्कांनी तिची सरकारी सीट गेली. खाजगी कॉलेजचा विचारही मास्तरांनी केला नाही. मग तिच्या क्लासमधली बरीच मुलं जात होती तिकडं, युरोपच्या एका टोकाला, डॉक्टरकी शिकायला तीही गेली. एजंटचे इंग्रजी कागद मास्तर माझ्याकडं घेऊन आले होते. मी ते दोनदा वाचले, दोन ठिकाणी दुरुस्ती करून घ्यायला सांगितली, एजंटनं ती केली. तेव्हापासून कागद, कायदा, परदेश यातलं काहीही असलं की मास्तर माझ्याकडं येत. माझं सांगणं ते कधी उलट तपासत नसत.

ती चौथ्या वर्षाला असताना तिथं युद्ध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉलेजला निघाले होते. मास्तर दारात, गळ्यात मापाची टेप तशीच, हातात फोन. मुलगी लाइनवर होती.

"मॅडम, बस निघून राहिली बॉर्डरला," ते म्हणाले. "बारा वाजता तिथल्या. होस्टेलातल्या निम्म्या पोरी चालल्या. हिला तिच्या सरनं दवाखान्यात बोलावलंय मदतीला. ही म्हणते थांबू का जाऊ. मला काय सुधरून न्हाई राहिलं. तुम्हीच सांगा."

मी फोन घेतला. तिचा आवाज नेहमीसारखा होता, फक्त थोडा भरभर. रस्त्यावर रणगाडे आहेत, असं कुणीतरी म्हणत होतं. आधी गेलेल्या बसचा पत्ता नाही, असंही कुणी म्हणत होतं. दवाखाना मोठा होता, सहा मजली, गावाच्या मध्यभागी, छतावर लाल खूण रंगवलेली.

मी म्हणाले, "रस्त्यावर काय होईल ते सांगता येत नाही. दवाखान्यावर हल्ला करायला बंदी आहे. जिनिव्हा करार आहे, दोन्ही देशांनी सह्या केल्यात. तू दवाखान्यातच थांब."

"नक्की ना काकू?"

"नक्की."

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झालेला मला दिसला. ते दुकानाकडं गेले. मी कॉलेजला गेले, दोन तास घेतले. मनात कुठंतरी बरंही वाटत होतं, की आपला विषय एकदा तरी कुणाच्या उपयोगी पडला.

ती बस दुसऱ्या दिवशी सुखरूप बॉर्डरला पोचली. हे मला नंतर कळलं.

मी नक्की म्हणाले त्याच दिवशी दुपारी मास्तरांच्या फोनवर तिचा मेसेज आला. मास्तरांनी तो मला आणून दाखवला. "दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर बंद पडलेत. बॉम्ब नाही. बिल्डिंग ठीक आहे. मी ठीक आहे. काळजी करू नका." त्यानंतर फोन लागेना. मेसेज पोचेना. एक खूण यायची, दुसरी यायची नाही.

"कॉम्प्युटर बंद म्हणजे लाइट गेल्यावानीच ना?" मास्तरांनी विचारलं.

मी हो म्हणाले. घरात आले आणि दार लावून बसले.

फोन न लागण्याची भीती मला नवी नव्हती. किल्लारीच्या भूकंपात माझे वडील औसा तालुक्यातल्या एका गावी शिक्षक होते. मी सातवीत. लातूरला आमच्या घराची एक भिंत चिरली, बाकी काही झालं नाही. पण वडिलांचा दोन दिवस पत्ता नव्हता. गल्लीत ज्याच्या घरी फोन होता त्याच्या ओट्यावर आई सकाळपासून बसून राही. रस्त्यानं कुणी ओळखीचं आलं की उठून उभी राही आणि त्यानं काही सांगायच्या आधीच त्याचं तोंड बघून परत बसे. तिसऱ्या दिवशी वडील मदतीच्या ट्रकमधून आले. शाळेतल्या ज्या मुलांची हजेरी ते रोज घेत त्यातली बरीच गेली होती. वडील त्यावर कधी बोलले नाहीत. पुढं कितीतरी वर्षं गावात एकच प्रश्न विचारला जायचा, दोष कुणाचा. दगडमातीच्या भिंतींचा, नशिबाचा, सरकारचा. उत्तर कुणाला सापडत नसे. धरणीकंपाला आरोपी नसतो. मी वकिलीला गेले त्यामागं हे होतं की नव्हतं ते मला सांगता येणार नाही. पण मास्तर दुकानाच्या पायरीवर तसेच बसलेले दिसायचे तेव्हा मला कॉलेजला जाताना दुसऱ्या गल्लीनं जावंसं वाटायचं. इथं आरोपी होते, आणि मास्तरांच्या मुलीला थांबवणारी मी होते.

चार दिवस फोन लागला नाही. त्या चार दिवसांत मी माझं अर्धं पान सोडून बाकीचं वाचलं. जे सापडलं त्यानं माझी झोप गेली. युद्धात कॉम्प्युटरवर केलेल्या हल्ल्यालाही जुनेच नियम लागू होतात, असं बहुतेक देश म्हणतात. दवाखान्याला संरक्षण आहे, यावर वाद नाही. पण दवाखान्याचे कॉम्प्युटर बंद पाडले, भिंत पडली नाही, काच फुटली नाही, तर त्याला कायद्याच्या भाषेत हल्ला म्हणायचं का, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. काहीजण म्हणतात, काम थांबलं म्हणजे नुकसान झालंच. काहीजण म्हणतात, वस्तू मोडली पाहिजे. रुग्णांची माहिती पुसली गेली तर ती माहिती ही वस्तू आहे की नाही, इथंही दोन पक्ष. आणि हे सगळं ठरलं तरी करणारा कोण, कुठल्या देशातून, कुणाच्या हुकमानं, हे सिद्ध करायचं ते वेगळंच.

मी ज्या आवाजात "नक्की" म्हणाले होते तो आवाज मला सारखा ऐकू यायचा.

तिसऱ्या दिवशी मास्तरांनी मला दुकानावर थांबवलं. त्यांना टीव्हीवर काहीतरी ऐकू आलं होतं. "मॅडम, बिल्डिंग तर उभी हाय म्हणते ती. मंग भ्यायचं काय कारण?"

खोटं बोलवेना. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. कॉम्प्युटर बंद म्हणजे कुणाला कुठलं औषध चालू आहे, कुणाचं रक्त कुठलं, कुणाचं ऑपरेशन आज, काहीच कळत नाही. आणि यालाही हल्ला म्हणायचं का यावर मोठमोठ्या लोकांचा वाद आहे, हेही सांगितलं.

मास्तरांनी मशीनचं चाक हातानं थोडं फिरवलं. मग म्हणाले, "मशीनीतली सुई काढून नेली कुणी, तर मशीन मोडली न्हाई म्हणतील का ते लोक?"

"काहीजण म्हणतील," मी म्हणाले.

"मंग ते लोक कधी शिवायला बसले न्हाईत."

पाचव्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. ती बॉर्डरच्या पलीकडं होती. दवाखाना रिकामा केला होता, रुग्णांना आगगाडीनं हलवलं होतं, त्याच गाडीत तिलाही घेतलं होतं. ती विमानानं दिल्लीला आली, तिथून हैदराबादला, आणि हैदराबादहून रेल्वेनं. गाडी नांदेडला येणारच होती. पण मास्तरांना स्टेशनवर थांबवेना. ते सकाळीच उठून अलीकडच्या मुदखेड स्टेशनला गेले आणि तिथं गाडी थांबल्यावर डब्यामागून डबा शोधत तिच्यापर्यंत पोचले. मुदखेड ते नांदेड ते तिच्या शेजारी उभे होते. बसायला जागा होती, तरी बसले नाहीत, असं तिनं मला नंतर सांगितलं.

गल्लीनं तिचं कौतुक केलं. कुणी पेढे दिले, कुणी शाल. स्थानिक पेपरवाले फोटो काढून गेले. मी गेले तेव्हा ती अंथरुणावर बसली होती. तिनं माझ्या पाया पडल्यासारखं केलं आणि माझ्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, तिला सगळं कळलं आहे, बस सुखरूप पोचल्याचं, माझं नक्की पोकळ असल्याचं. मी पाच मिनिटांत उठले. पुढचे कितीतरी दिवस मी त्यांच्या घरावरून जाताना मान खाली घालून गेले. ब्लाउज शिवायला दुसरीकडं टाकले.

तिच्या विद्यापीठाचे वर्ग ऑनलाइन सुरू झाले. ती घराबाहेर पडत नसे. तिची आई म्हणायची, पोरगी जेवताना गोळीचं पाकीट हातात घेऊन बसते, मागचं बारीक अक्षर वाचत राहते.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी ती एकटीच माझ्याकडं आली. हातात एक जाडजूड लांब वही. वहीच्या कव्हरवर लातूरच्या कोचिंग क्लासचं नाव आणि यशस्वी विद्यार्थ्यांचे छोटे छोटे फोटो.

"काकू, एक मेल आलंय," ती म्हणाली. "त्या दवाखान्यात त्या दिवशी जे होते त्यांचे जबाब घेऊन राहिलेत. युद्धातल्या गुन्ह्यांसाठी. कोर्टात जाईल म्हणतात, कधीतरी. आमच्या नर्सनं माझं नाव दिलंय. अब्बा म्हणतात नको."

मी मेल वाचलं. जबाब गोळा करणारी संस्था खरी होती, मी दोन ठिकाणी तपासलं. मग मास्तरांना बोलावलं. ते आले, पण बसले नाहीत.

"नको मॅडम," ते म्हणाले. "मोठ्या मोठ्या देशांचं भांडण हाय ते. आपलं नाव कशाला तिथं? उद्या पासपोर्ट अडला तर? परीक्षेला बसू दिलं न्हाई तर? आमच्यावानी लोकांनी कागदावर नाव लिहिलं की ते नाव कुठं कुठं जातं, मला म्हाईत हाय."

त्यांचं चुकत नव्हतं. मीही हो-नाही काही बोलले नाही. एकदा बोलून बसले होते.

मास्तर गेल्यावर ती म्हणाली, "अब्बांना वाटतं तेवढंच नाही काकू. वही बघा आधी."

मी वही उघडली. आधीची पानं फिजिक्सच्या गणितांची. मग अचानक, आडव्या रेघा मारलेली पानं, आणि देवनागरीत लिहिलेली परदेशी नावं. नाव, वय, मजला, रक्तगट, औषध, वेळ. घाईचं अक्षर, पण एकही ओळ सुटलेली नाही.

"कॉम्प्युटर गेल्यावर कागद कुणाकडंच नव्हते," ती सांगू लागली. "प्रिंटर पण त्याच्याबरोबरच गेले. माझ्या बॅगेत ही वही होती, मागची पानं कोरी होती म्हणून नेली होती तिकडं. नर्स म्हणाली, तू प्रत्येकाजवळ जा, विचार आणि लिही. त्यांच्या लिपीत मला भरभर लिहिता येत नाही. मग ऐकू येईल तसं आपल्या लिपीत लिहिलं. दोन दिवस आमच्या मजल्यावर सगळ्यांनी हीच वही वापरली. डॉक्टर येऊन मला विचारायचे, हा कोण, ह्याला काय चालू आहे. मी वाचून दाखवायची."

तिनं एक पान उघडलं. त्यावर साठीच्या एका माणसाचं नाव होतं. पायाला जखम, ताप. औषधाच्या रकान्यात एका इंजेक्शनचं नाव, शेजारी वेळ. त्याच्यापुढं काही नाही.

"हे इंजेक्शन मी दिलं," ती म्हणाली. "नर्सनं सांगितलं, मी दिलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर ज्याला एखादं औषध चालत नाही त्याच्या नावावर लाल पट्टी येते. माहिती सगळी त्याच्यातच. त्या दिवशी पट्टी नव्हती, काहीच नव्हतं. मी त्यांना विचारायला पाहिजे होतं. ॲलर्जी हा शब्द मला त्यांच्या भाषेत येत होता. मी विचारलं नाही. दोन मिनिटांत त्यांचं अंग लाल झालं, घसा सुजला. डॉक्टर धावत आले, त्यांना खाली नेलं. मग सायरन झाला, आम्ही सगळे तळघरात. पुन्हा मी त्यांना बघितलं नाही."

मी पान उलटलं. पुढच्या पानापासून प्रत्येक नावापुढं तिनं एक शब्द लिहिला होता. विचारलं. विचारलं. विचारलं. वही संपेपर्यंत.

"जबाब दिला तर हे पण सांगावं लागेल ना?" तिनं विचारलं. "मग ते म्हणतील ह्या पोरीनं मारलं. कॉम्प्युटर बंद करणारा कोण ते सापडणार नाही. मी तर इथंच आहे, नाव-पत्त्यासकट."

माझ्या तोंडात वीस वर्षांच्या शिकवण्यातली उत्तरं तयार होती. तुझा हेतू नव्हता, तू हुकमाखाली होतीस, तू विद्यार्थिनी होतीस. पण मी म्हणाले, "मला आत्ता माहीत नाही. मला चार दिवस दे. आणि एक सांगते. त्या दिवशी बसनं जाऊ नको म्हणून मी सांगितलं होतं. नक्की म्हणाले होते. मला नक्की काहीच माहीत नव्हतं."

वाटलं होतं, ती म्हणेल, नाही काकू, मी तशीही थांबणारच होते.

"हो," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात म्हणूनच थांबले."

एवढं बोलून तिनं वही बंद केली आणि गेली. त्यात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, असं सांगितलं. मीही माझं सांगून टाकलं होतं, त्या दिवसानंतर मी त्यांच्या घरावरून मान वर करून जाऊ लागले.

चार दिवसांचे दहा दिवस झाले. मी अशा खटल्यांवर काम केलेल्या एका वकीलबाईंना लिहिलं, पुण्याच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांना फोन केला. शेवटी जे हाती आलं ते मी मास्तरांच्या दुकानात बसून दोघांना सांगितलं. मदतीला धावलेल्या विद्यार्थिनीनं धांदलीत, सांगितल्याप्रमाणे दिलेलं इंजेक्शन हा युद्धातला गुन्हा होत नाही. तिच्यावर कुणी बोट ठेवेल असं मला आणि मी विचारलेल्या कुणालाच वाटत नाही. उलट, लाल पट्टी नसल्यानं एका माणसाचं काय झालं हे सांगणारं तिच्याइतकं कुणी नाही. भिंत उभी आहे म्हणून नुकसान नाही, असं म्हणणाऱ्यांपुढं ते पान ठेवता येईल. जबाब देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवता येतं, तशी लेखी हमी मागू. पण पुढं काय होईल, कुणाला शिक्षा होईल का, हे मला माहीत नाही. "आणि मास्तर," मी म्हणाले, "मी आता नक्की असं काहीच म्हणणार नाही."

मास्तरांनी मुलीकडं बघितलं. "तुला सांगायचंय का?"

"हाव अब्बा."

"त्या माणसाचं पण?"

"त्याचंच सांगायचंय."

जबाब माझ्या घरी झाला, जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून. दुपारचे दोन वाजले होते. मास्तर आत आले नाहीत, बाहेरच्या खोलीत चप्पल काढून भिंतीला टेकून बसले. पडद्यावर एक मध्यमवयीन बाई होत्या, बोलणं इंग्रजीत, अगदी सावकाश. त्यांनी आधीच सांगितलं, जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच, जे ऐकलं ते वेगळं सांगायचं. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणायचं.

मग त्यांनी विचारलं, कॉम्प्युटरचे पडदे काळे होण्याआधी काय दिसलं, सगळे एकदम की एकामागून एक, भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते, त्या वेळी बाहेर स्फोटाचा आवाज होता का, वीज चालू होती का. ती एकेक सांगत गेली. आवाज तोच, भरभर. मी शेजारी बसून वहीतली पानं कॅमेऱ्यासमोर धरत होते. नावं ती वाचून दाखवायची आणि त्या बाई स्वतःच्या लिपीत लिहून घ्यायच्या.

साठीच्या माणसाचं पान आलं तेव्हा ती थांबली. बाहेरच्या खोलीत मास्तर खोकले. मग तिनं सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही.

बाईंनी ते लिहून घेतलं. मग विचारलं, "एरवी ही माहिती तुम्हाला कुठं दिसली असती?"

"कॉम्प्युटरवर. नावावर लाल पट्टी."

"ती दिसली असती तर?"

"इंजेक्शन भरलंच नसतं."

"त्या दिवशी इतर कुठं ती माहिती होती?"

"त्यांना स्वतःला माहीत असेल. मी विचारलं नाही."

बाईंनी तेही लिहून घेतलं. तिला समजावण्यासाठी त्या काही बोलल्या नाहीत. तीन तास लागले. शेवटी तिनं विचारलं, "तो माणूस जगला का?" बाई म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. माहीत नाही की सांगायची परवानगी नाही, ते आम्हाला कळलं नाही.

ती बाहेर आली. मास्तर उठले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल, घरी जेवून घे." ती सकाळपासून जेवली नव्हती.

त्या नर्सला तिनं फोनवर लिहून विचारलं. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं. नर्सनं लिहिलं होतं, तू कुठल्या माणसाबद्दल म्हणतेस ते मला आठवत नाही, त्या दोन दिवसांत असे किती झाले, मला आता चेहरे आठवत नाहीत. ते उत्तर तिनं मला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा माझ्यासमोर रडली. मी जवळ बसून राहिले.

पुढं तिनं दुसऱ्या एका देशात शिक्षण पुरं केलं. परतल्यावर परदेशातून आलेल्या डॉक्टरांची परीक्षा दिली, पहिल्यांदा गेली, दुसऱ्यांदा निघाली. आता ती जळकोटकडं एका दवाखान्यात आहे. मास्तर महिन्यातून एकदा बसनं तिकडं जातात. सांगतात, एकेका पेशंटला ती इतका वेळ घेते की बाहेर रांग लागते, लोक कुरकुर करतात. मास्तरांना त्याचा अभिमानही आहे आणि काळजीही.

कॉलेजात ते प्रकरण मला आता दोन तासांत संपवता येत नाही. मागच्या वर्षी एका मुलानं विचारलं, मॅडम, मग शेवटी शिक्षा कुणाला झाली? मी म्हणाले, अजून कुणालाच नाही. चौकशी चालू आहे, आरोपी ठरलेला नाही, खटला उभा राहिलेला नाही. तो म्हणाला, मग ह्याला कायदा कसं म्हणायचं? वर्ग हसला. मी तो प्रश्न फळ्यावर लिहिला आणि पुढचा तास त्यावरच घेतला.

जबाब दिल्यावर एक पोच आली होती, तिच्यावर एक नंबर होता. तो नंबर त्यांच्या वेबसाइटवर टाकला की एकच ओळ येते, आपला जबाब मिळाला आहे. दर महिन्याला मी तो नंबर टाकून बघते. सुरुवातीला बघितल्यावर तिला फोन करून सांगत असे, अजून काही नाही म्हणून. मागच्या दिवाळीत ती घरी आली होती तेव्हा फराळाचं ताट घेऊन माझ्याकडं आली आणि जाता जाता दारात थांबली.

"काकू, ते दर महिन्याचं नका सांगू आता," ती म्हणाली. "तुमचा फोन आला की माझे हात गार पडतात. काही आलं तरच सांगा."

मी बरं म्हणाले. बघायचं मात्र सोडलेलं नाही.